वाचकांचे प्रश्न : स्वयंपाकघर किती वाजता बंद होते?

प्रश्न : मी ४२ वर्षांची असून सोलापुरात एका पतसंस्थेत नोकरी करते. सकाळी साडेनऊला घर सोडते आणि सायंकाळी सव्वासहापर्यंत परत येते; पती सातच्या सुमारास येतात. घरी मधुमेह असलेल्या सासूबाई, दहावीतला मुलगा आणि सहावीतली मुलगी आहे. मोबाइलवर पाहून मी ‘टाइम ब्लॉकिंग’चे वेळापत्रक तयार केले आणि पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने आखून ते फ्रिजवर लावले. त्यात सायंकाळी साडेसहा ते सात फिरणे, सात ते पावणेआठ स्वयंपाक आणि साडेनऊनंतर वाचन असे लिहिले होते. पहिल्याच आठवड्यात सगळे कोलमडले. आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येते आणि त्या दिवशी तर त्या कागदाकडे पाहायलाही सवड नसते. फिरायला निघाले की सासूबाईंचा चहा आठवतो आणि घराबाहेर पाऊल टाकताना अपराधी वाटते. माझ्यात शिस्त कमी आहे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : सगळ्यांचे डबे करून आणि सासूबाईंचे पथ्य सांभाळून जी स्त्री रोज साडेनऊला घर सोडते, तिच्याजवळ शिस्त भरपूर आहे, हे आधी मनाशी पक्के करा. दोष वेळापत्रकाच्या आखणीत आहे. दिवसाचे कप्पे पाडून प्रत्येक कप्प्यात एकच काम ठेवण्याची ही पद्धत टेबलाशी बसून काम करणाऱ्यांच्या सोयीने रूढ झाली आहे आणि अशा माणसाला निदान तासभर तरी दार लावून घेता येते. घरात ती सोय नसल्यामुळे तीच पद्धत घरी आणताना बरीच बदलून घ्यावी लागते.

घरकाम सगळे एका जातीचे नसते. डबे, पाणी भरणे, सासूबाईंच्या गोळ्या आणि त्यांचे वेळेवरचे जेवण ही घड्याळाला बांधलेली कामे आहेत आणि ती जिथल्या तिथेच राहणार. कपड्यांच्या घड्या, दळण, कपाट लावणे, भाजी निवडून ठेवणे ही कामे पुढे-मागे सरकवता येतात. तिसऱ्या प्रकारचे काम मात्र कोणीच वेळापत्रकात लिहीत नाही आणि ते म्हणजे लक्ष ठेवणे : गॅसवरचे दूध, मुलीचा उद्याचा प्रकल्प, डब्यात तळाला गेलेले पीठ, आतल्या खोलीतून येणारी हाक. साडेसहा ते सात हा तुमचा कप्पा कागदावर मोकळा दिसत असला, तरी प्रत्यक्षात तो या लक्ष ठेवण्याने भरलेला आहे. फिरायला निघताना हे काम तुम्ही कोणाच्याही हाती दिलेले नसते, म्हणून ते तुमच्याबरोबर दारापर्यंत येते. तुम्हाला वाटणारा अपराधीपणा बराचसा इथूनच येत असावा, असे मला वाटते.

त्यामुळे नवे वेळापत्रक आखण्याची घाई करू नका. एक आठवडा नुसती नोंद ठेवा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय देशभर वेळेच्या वापराची पाहणी करते, तेव्हा पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंतचा काळ धरून त्याचे अर्ध्या तासाचे भाग पाडले जातात आणि प्रत्येक भागात माणसाने काय केले, ते लिहून घेतले जाते. तुम्हीही तसेच करा, मात्र घरातल्या पाचही जणांसाठी. २०१९ च्या पाहणीत सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१ टक्के स्त्रिया घरची विनामोबदला कामे करताना आढळल्या, तर पुरुषांमध्ये हे प्रमाण २६ टक्के होते. आणि जे ही कामे करतात त्यांच्यातही स्त्रियांचा सरासरी वेळ दिवसाला २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे होता. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले, म्हणजे पाच वर्षांत दोघांमधले अंतर २०२ मिनिटांवरून २०१ मिनिटांवर आले. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाती मृत्यूच्या एका भरपाईच्या निकालात २०१९ च्या याच आकड्यांचा दाखला दिला आणि गृहिणीच्या कामाला आर्थिक मूल्य आहे हे स्पष्ट केले. देशाचे आकडे घरात वाद जिंकण्यासाठी वापरावेत, असे मी सुचवत नाही. तुमच्या स्वतःच्या घराचा आठवडा कागदावर उतरला की मात्र पतीशी आणि मुलांशी बोलणे सोपे जाते, कारण तेव्हा बोलणे तक्रारीवरून कामाच्या वाटणीवर येते.

आता सायंकाळ जवळून पाहू. स्वयंपाकाला तुम्ही पाऊण तास दिला आहे. मेथीची जुडी निवडून, धुऊन, चिरून ती फोडणीला पडेपर्यंतच त्यातला निम्मा वेळ संपतो. त्यानंतर कणीक मळणे, पाच माणसांच्या पोळ्या, कुकर उतरल्यावर वरणाला फोडणी, मधेच मुलीची हाक आणि शेवटी ओटा पुसणे, एवढे सगळे उरलेल्या वीस-बावीस मिनिटांत बसणार कसे? डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच दाखवून दिले आहे की तेच काम पूर्वी किती लांबले होते हे ठाऊक असूनही माणसे आपल्या पुढच्या कामाला लागणारा वेळ कमीच धरतात. तुमची नोंद जेवढा वेळ सांगेल तेवढाच लिहा; तो सव्वा तास असेल तर सव्वा तास लिहा. तो कमी करायचा असेल तर हात अधिक भरभर चालवून होणार नाही, त्यासाठी काम कमी करावे लागेल. तुम्ही सोलापुरात राहता. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी तुमच्याकडे सहज मिळते आणि आवडीने खाल्ली जाते. आठवड्यातल्या दोन सायंकाळी पोळ्यांना सुट्टी देऊन भाकरी, चटणी, दह्यातली काकडी आणि एक पातळ भाजी एवढेच ताट वाढले, तर कोणाची आबाळ होणार नाही. सासूबाईंच्या पथ्यात त्यातले काय बसते, तेवढे त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

तुमच्या वेळापत्रकात प्रत्येक कामाची सुरुवात लिहिलेली आहे, पण दिवसाचे काम कोठे थांबते, ते लिहिलेले नाही. मला हीच त्यातली सर्वांत मोठी उणीव वाटते. ‘साडेनऊनंतर वाचन’ म्हणजे व्यवहारात ‘सगळे आवरल्यावर वाचन’, आणि घरातले सगळे कधीच आवरून होत नाही. हाताशी जेवढा वेळ असेल तेवढा भरेपर्यंत काम पसरत जाते, असे ब्रिटिश लेखक सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये सरकारी कचेऱ्यांविषयी लिहिले होते आणि स्वयंपाकघरालाही ते पुरेपूर लागू पडते. म्हणून घरातल्या सर्वांसमक्ष ठरवा की रात्री सव्वानऊला तुमच्यासाठी स्वयंपाकघर बंद होईल. त्यानंतर विरजण लावणे, कडधान्य भिजत घालणे, उरलेले काढून ठेवणे आणि ओटा पुसणे हे पतींकडे. सायंकाळचा चहा मुलाकडे. दहावीचे वर्ष असले तरी आजीबरोबर पंधरा मिनिटे बसून चहा घेतल्याने त्याचा अभ्यास बुडणार नाही. काम सोपवाल तेव्हा ते अख्खे सोपवा. दळण पतींकडे दिले तर पीठ संपत आले आहे हे पाहणेही त्यांच्याकडेच गेले पाहिजे, नाहीतर गिरणीची फेरी त्यांची आणि आठवण तुमची, अशी वाटणी होते आणि तुमचा कप्पा पुन्हा भरून जातो.

फिरण्याची वेळही बदला. घरी येऊन, चपला काढून, पुन्हा बाहेर पडणे जवळजवळ अशक्य असते. त्यापेक्षा आठवड्यातून तीन दिवस पतसंस्थेतून परस्पर फिरायला जा आणि घरी सातला पोहोचा. त्या तीन दिवसांत कुकर लावण्याचे काम मुलाने करावे आणि त्यांतल्याच दोन दिवशी भाकरीचा बेत ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आहे. तीन सायंकाळी चाळीस-चाळीस मिनिटे आणि रविवारी अर्धा तास धरला की तेवढे होते. पहाटे चारला उठून स्वतःसाठी वेळ काढण्याचा सल्ला तुम्हाला कोणी देईल, तो घेऊ नका. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी, आणि पाचला उठायचे असेल तर दिवा दहाच्या आत मालवला पाहिजे. वाचन सव्वानऊ ते पावणेदहा एवढेच ठेवा. बसून, गरम असताना जेवणे हाही स्वतःच्या काळजीचाच भाग आहे. सगळ्यांना वाढून शेवटी उभ्याने घास घेण्याची सवय असेल तर ती आधी मोडा. सासूबाईंच्या रक्ताच्या तपासणीची तारीख तुम्ही चुकवत नसाल, त्याच तारखेला स्वतःचीही तपासणी करून घ्या.

पाण्याच्या दिवसासाठी वेगळा कागद करा. पिंप, हंडे, धुणे, फरशी हे सगळे त्या दिवशी येणारच, म्हणून त्या दिवशी फिरणे आणि वाचन आखूच नये, म्हणजे ते बुडाल्याची रुखरुखही राहणार नाही. जेवण एका पातेल्यात होईल असे ठेवा, आणि पाणी भरायला पाच माणसांच्या घरातून एकच बाई उठते असे होऊ देऊ नका.

प्रश्न : माझे बाळ आठ महिन्यांचे आहे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये आम्ही दोघेच राहतो. बाळाच्या झोपेचा नेम नाही. वेळेचे कप्पे पाडायचे तरी कसे?
— एक वाचक

उत्तर : या वयाच्या बाळासोबत घड्याळाचे कप्पे टिकत नाहीत, आणि ते टिकवण्याचा हट्ट धरू नये. कामांच्या दोनच याद्या करा : बाळ जागे असताना करता येणारी आणि बाळ झोपल्यावरच होणारी. घड्या घालणे आणि भाजी निवडणे पहिल्या यादीत जाते. बाळ झोपले की झोपेचा पहिला भाग तुमचा, म्हणजे जेवण, अंघोळ किंवा नुसते आडवे होणे. काम त्यानंतर, आणि बाळ लवकर उठले तर काम राहील. घड्याळाचा कप्पा दिवसात एकच ठेवा, तो बाळाच्या वडिलांनी सांभाळायचा. समजा, ते आठला घरी असतात, तर साडेआठ ते साडेनऊ बाळ पूर्णपणे त्यांच्याकडे आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत किंवा खाली आवारात. बाळ रडले तरी पहिली काही मिनिटे त्यांना जमू द्या. त्यांनाही सवय त्यातूनच होते.

एक गोष्ट मात्र वेळापत्रकाच्या पलीकडची आहे. बाळ झोपले असतानाही झोप लागत नसेल, रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले असेल, तर डॉक्टरांना भेटा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.

प्रश्न : मी अलीकडेच निवृत्त झालो. पत्नी गेली कित्येक वर्षे दुपारी दोन ते चार हार्मोनियमचा रियाज करत असे. मी घरी राहू लागल्यापासून तो बंद पडल्यासारखा आहे. मदत करू का, असे विचारले तर त्या ‘राहू द्या’ म्हणतात. मी काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : हे तुमच्या लक्षात आले आणि तुम्ही ते लिहून विचारलेत, याचा मला मनापासून आनंद वाटला. तुमच्या पत्नीने त्यांच्या दिवसात एक कप्पा कोणाच्याही सल्ल्याशिवाय वर्षानुवर्षे राखला होता. तुम्ही घरी राहिल्याने जेवण लांबले असेल, दुपारचा चहा लवकर आला असेल, आणि दोन्ही बाजूंनी तो कप्पा आखडला असेल.

मदत करू का, असे विचारण्यात काम सांगण्याचे ओझे त्यांच्याकडेच राहते, म्हणून बहुधा ‘राहू द्या’ हे उत्तर येते. त्याऐवजी दोन कामे कायमची स्वतःकडे घ्या. सकाळी बाजारातून मासळी आणून ती साफ करून देणे हे एक होऊ शकेल, आणि दुपारच्या जेवणानंतरची सगळी आवराआवर हे दुसरे. पहिल्या आठवड्यात भांडी त्यांच्या मनासारखी लागणार नाहीत. कोणते कोठे ठेवायचे ते एकदा नीट विचारून घ्या आणि पुढे विचारू नका. जेवण साडेबाराला झाले तर दीडपर्यंत तुमचे आवरून होईल. दोन ते चार या वेळात वाचनालयात जा, झोपा, किंवा दुसऱ्या खोलीत बसा, मात्र दूरदर्शनचा आवाज बंद ठेवा. चहा हवासा वाटला तर स्वतः करून घ्या. तुम्ही घरात असाल तेव्हा या दोन तासांत दारावरची बेल आणि येणारे फोन तुम्ही पाहाल, हे त्यांना आजच सांगून ठेवा आणि नातेवाइकांनाही कळवा.