झाळ सांध्यात का उतरत नाही?

प्रश्न : आजीच्या मोडक्या पैंजणांची चांदी आटवून स्वतःसाठी जोडवी घडवते आहे. पण झाळ (सांधा जोडायला वितळवतात तो मिश्रधातू) गोळा होऊन बसते, सांधा जुळत नाही. काय चुकतं?

उत्तर : ज्योत झाळेवर धरत असाल. झाळ उष्णतेच्या दिशेने धावते. म्हणून आधी सगळं वळं सारखं तापवा, सांध्याकडे शेवटी या. सांध्यातून उजेड दिसता कामा नये, फट झाळेने भरत नाही. कानशीने घासा, टाकणखाराचा लेप द्या, झाळेचा मिलिमीटरभर तुकडा पुरतो. चांदी मंद लाल होताच झाळ चमकून पसरेल, तिथेच थांबा. ९२५ची (साडेब्याण्णव टक्के शुद्ध) चांदी सुमारे ८०० अंश सेल्सिअसलाच वितळू लागते.

आणि पैंजण आटवण्याआधी जुने सांधे कापून काढलेत ना? त्यातली झाळ मिसळली की चांदी ठिसूळ होते, ठोकताना चिरते. नंतर तुरटीच्या गरम पाण्यात उजळा. लोखंडी चिमटा मात्र त्यात बुडवू नका, चांदीवर तांबूस थर चढतो.