लंडन नको, गांगरलेला माणूस पाहिजे

प्रश्न : सर, पुलंची ‘अपूर्वाई’ आणि ‘पूर्वरंग’ इतक्यांदा वाचली की दोन्हींची पानं सुटी झालीत. मुलानं हौसेनं तीन नवी प्रवासवर्णनं आणून दिली. नाश्त्याला काय होतं, बस किती वाजता सुटली, गाइड काय म्हणाला, एवढंच त्यांत. पुलंसारखं आणखी कुणी लिहिलंय का?
– एक निवृत्त शिक्षिका, गंगाखेड

उत्तर : ताई, अंबाजोगाईच्या वाचनालयात मी सव्वीस वर्षं पुस्तकांची देवघेव केली. ‘पुलंसारखं द्या’ म्हणणारे नेहमी यायचे आणि मी त्यांना युरोपवरचं दुसरं पुस्तक काढून द्यायचो. ते चार दिवसांत परत, खूण विसाव्या पानावर. शेवटी एसटीतल्या एका कंडक्टरनं सुनावलं, “सर, मला लंडन नको. लंडनात गांगरलेला माणूस पाहिजे.” तेव्हा कुठं माझं डोकं ठिकाणावर आलं.

तसा माणूस हवा असेल तर आधी अनंत काणेकर. ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० चं, ‘अपूर्वाई’च्या वीस वर्षं आधीचं. हसवायचा आटापिटा नाही, ओट्यावर बसून गप्पा माराव्यात तसं लिहिलंय. मीना प्रभूंचं ‘दक्षिणरंग’ घ्या. मिश्कीलपणा पुलंइतका नाही, माहिती मात्र भरपूर. दक्षिण अमेरिकेत बाई फिरतात त्या धीटपणानं, ते तुम्हाला आवडेल.

पण खरा खजिना प्रवासवर्णनाच्या कपाटात नसतोच. गोनीदांचं ‘कुण्या एकाची भ्रमणगाथा’, नर्मदेकाठची पायपीट, आमच्याकडं कादंबऱ्यांत होतं. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ तर इतिहासात, गॅझेटिअरच्या मागं. वरसईचा हा भिक्षुक घरचं कर्ज फिटावं म्हणून काकांबरोबर निघाला. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, एवढाच हिशेब. वाटेत सत्तावनचं बंड पेटलं आणि काका-पुतणे झाशीच्या वेढ्यात सापडले. दक्षिणा लुटली गेली. घरी आला तो आईबापांना स्नान घालायला गंगेची कावड घेऊन. पुस्तक छापलं गेलं १९०७ साली. यात विनोद शोधू नका. पण भ्यालो तर भ्यालो म्हणून सांगणारा, शौर्याचा आव न आणणारा माणूस यात भेटतो. पुलंमध्ये तुम्हाला तेच तर आवडतं ना?

पुलंच्याच ‘वंगचित्रे’चं नाव पत्रात नाही. राहिलंय का? पन्नाशीच्या माणसानं बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन बसायचं, ही एका शिक्षिकेनं वाचायचीच गोष्ट आहे. आधी तेच वाचा.

आणि जनाबाईंच्या गावात राहता, म्हणजे नामदेवगाथा घरी असणारच. त्यातली तीर्थावळी काढा. ज्ञानदेवांसोबत नामदेव तीर्थांना निघतात खरे, पण जीव सगळा पंढरीत! आपल्या नरसीचा हा प्रवासी घराच्या ओढीनं जितका कासावीस होतो, तितका मला दुसरा कुणी भेटला नाही.

ती तीन नवी पुस्तकं जवळच्या वाचनालयाला देऊन टाका. बस किती वाजता सुटली हे आवडीनं वाचणारेही असतात. मुलाला मात्र सांगू नका.