देवाची मूठ आणि तुझा प्रश्न

मस्कत, शुक्रवार संध्याकाळ

माझ्या लाडक्या सोनूस,
प्रभूच्या नावात सलाम आणि खूप खूप पापे.

तुझा रविवारचा व्हॉइस मेसेज मी ड्युटी संपवून येताना बसमध्ये ऐकला. खोलीवर आल्यावर पुन्हा ऐकला. फोनवर उत्तर द्यायला गेले असते तर माझा गळाच भरून आला असता, म्हणून लिहायला बसलेय. फोटो काढून बाबांच्या फोनवर पाठवते, पण हा कागदही कुणाच्या तरी हाती धाडणार आहे. तुझ्या बायबलात ठेव.

तू म्हणालीस, "आई, चर्चच्या शब्बाथ शाळेत आज वचन दिलंय पाठ करायला. जो माझ्यापेक्षा आपल्या मुलावर किंवा मुलीवर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही, असं येशू म्हणतो. आजी भात टाकायच्या आधी देवाची मूठ काढते. शेजारच्या काकू पण आधी नैवेद्य दाखवतात, मगच पानं वाढतात. सगळ्यांचंच देवाला पहिलं. मग मी तुझी दुसरी का? म्हणून तू मस्कतला गेलीस का?"

शेवटचा प्रश्न विचारताना तुझा आवाज बारीक झाला होता. त्याचं उत्तर मी टाळणार नाही. पण आधी मुठीचं सांगते.

ओट्याखालचा तो पिवळा डालड्याचा डबा माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. त्यावरचं नारळाचं झाड माझ्या लहानपणी चांगलं हिरवंगार होतं. आजी आधण ठेवते, तांदूळ ताटात घेते आणि एक मूठ त्या डब्यात टाकते. "प्रभू, तुझं तुला," एवढंच पुटपुटते. महिनाअखेरीला तो तांदूळ चर्चच्या मंडळीतल्या ज्या घरात गरज असेल तिथे जातो. हे तिने तिच्या सासूकडून घेतलं. काकूंचा नैवेद्य प्रसाद होऊन घरातल्यांच्या ताटात परत येतो, आजीची मूठ घराबाहेर जाते, एवढा फरक आहे. पण पहिलं देवाचं ही रीत आपल्या सगळ्या मुलखाची आहे. गुऱ्हाळावर नवा गूळ निघाला की तो आधी देवापुढे जातो, मग पोरांच्या हातावर. मोशेनेही इस्राएल लोकांना सांगितलं होतं की पिकाची पहिली पेंढी याजकाकडे आणा. पेंढी म्हणजे काय हे कोल्हापूरच्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. आपल्या हंगामाच्या सणाला चर्चमध्ये भोपळे, अंडी, कोंबड्या, गुळाच्या ढेपा येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो, तेही त्यातलंच.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. आजी शिवणाला बसलेली, मला म्हणाली, आज मूठ तू काढ. मी सुपात तांदूळ पाखडले, खाली राहिलेली कणी गोळा केली आणि डब्यात ओतली. मला वाटलं, मी हुशारी केली. मूठही झाली आणि चांगला तांदूळही वाचला. आजीने झाकण उघडून बघितलं. मला मारलं नाही, ओरडलीही नाही. कणी सगळी ताटात परत काढली, माझा हात धरून चांगल्या तांदळात घातला आणि मूठ भरायला लावली. म्हणाली, "उरलंसुरलं दिलं तर ते देणं न्हवं, ती घराची झाडलोट झाली." त्या रात्री आम्ही कणीचा भात खाल्ला. मऊ, चिकट. मला अजून तो ताटातला गोळा दिसतो.

पहिलं का, हे मला त्या दिवशी थोडंसं कळलं. उरल्यावर द्यायला विश्वास लागत नाही, कारण आपलं पोट भरलेलं असतं. पहिली मूठ काढताना मात्र पुढचं पुरेल की नाही हे अजून माहीत नसतं.

आता पुराचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तू पाच वर्षांची होतीस, तुला होडी तेवढी आठवते. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीतलं आपलं तळमजल्याचं घर, जयंती नाला हाकेच्या अंतरावर. रात्री पाणी उंबऱ्यावर होतं, सकाळी दिवाणावर. होडीवाली पोरं ओरडत होती, माणशी एकच पिशवी, एकच पिशवी! मी तुला कडेवर घेतलं होतं, बाबांकडे कागदपत्रं. आणि आजी गुडघाभर पाण्यातून आली ती तो डबा छातीशी धरून.

मी तिच्यावर चिडले. अगं आई, तुझं शिलाई मशीन बुडतंय, कपाट बुडतंय, आणि तू पत्र्याचा डबा कसला घेतेस? ती म्हणाली, "मशीन माझं हाय. माझं बुडलं तर बुडू दे. ह्यो ठेवायला दिलेला हाय, दुसऱ्याचं कसं बुडवू?"

शाळेच्या हॉलमध्ये आम्हाला ठेवलं होतं. हायवे बंद, दूध नाही, भाजी नाही. त्या डब्यातल्या तांदळाची पहिल्या रात्री खिचडी झाली. किती जणांना पुरली ते मी मोजलं नाही. मीठ जास्त झालं होतं, हे मात्र आठवतं.

आणि हेही लिहिते, नाहीतर तुला वाटेल आजीला कशाची मायाच नव्हती. तिसऱ्या रात्री मला जाग आली तेव्हा आजी भिंतीकडे तोंड करून रडत होती. मशीनसाठी. आजोबा गेल्यावर त्या मशीनवर तिने मला वाढवलं, नर्सिंगला मिरजेला पाठवलं. देवाला पहिलं ठेवणाऱ्या माणसालाही सुटलेल्या वस्तूचं दुःख होतं, सोनू. फक्त होडीत काय घ्यायचं हे ठरवताना त्याचा हात डगमगत नाही.

त्या दिवसापासून "ठेवायला दिलेलं" हा शब्द माझ्या मनात बसला. आणि मला तुझा बाप्तिस्मा आठवला. तू चार महिन्यांची होतीस, वाइल्डर मेमोरियल चर्चमध्ये, पांढऱ्या झबल्यात. पाळकसाहेबांनी तुला माझ्या हातातून घेतलं. प्रार्थना चालू होती तेवढा वेळ माझे हात नुसते लोंबत राहिले, त्यांचं काय करावं मला कळेना. नंतर त्यांनी तुला परत माझ्याकडे दिलं. तेव्हा मला वाटलं, झाला कार्यक्रम. आज वाटतं, खरा अर्थ त्या परत देण्यातच होता. तू देवाची आहेस आणि त्याने तुला माझ्याकडे ठेवायला दिलंय. आपल्या स्वतःच्या वस्तूला माणूस कधी निष्काळजीपणे हाताळतो, रागात आपटतोही. ठेवायला दिलेलं मात्र आजीने पाण्यातून छातीशी धरून आणलं.

म्हणून, बाळा, देव पहिला म्हणजे तुझा नंबर एकाने खाली गेला, असं नाही. ही शाळेतली नंबरांची यादी नाही. जो तुला माझ्याकडे देतो त्याला मी विसरले तर मी तुला माझी मालमत्ता समजायला लागेन. मग मला हवं तेच तू शिकायचं, माझी हौस तू भागवायची, तू दूर गेलीस की मी तुला शाप द्यायचे. अशा आया मी वॉर्डात रोज बघते. त्यांचं प्रेम कमी नसतं, पण मुलाचा श्वास कोंडतो.

त्या वचनाचा गैरवापरही होतो, म्हणून हेही सांगून ठेवते. येशूच्या वेळी काही लोक म्हाताऱ्या आईबापांना सांगायचे की तुम्हाला जे द्यायचं होतं ते आम्ही "कुर्बान" केलंय, म्हणजे देवाला वाहिलंय. येशू त्यांच्यावर कडाडला. देवाचं नाव पुढे करून आईबापाला उपाशी ठेवणं त्याला अजिबात मान्य नव्हतं. मार्काच्या सातव्या अध्यायात आहे, बाबांबरोबर वाच. आणि वधस्तंभावर, स्वतःचा जीव जात असताना, त्याने आईला आपल्या शिष्याच्या हाती सोपवलं. आईपेक्षा बापाची, म्हणजे देवाची इच्छा त्याने वर ठेवली, पण आईची सोय लावायला तो विसरला नाही.

आपण उपासनेत रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीतं गातो ना, त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि ते दुरावले. पाच वर्षांच्या आसपास ताटातूट झाली. पुढे १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या समजुतीने बाप्तिस्मा घेतला. लोक ही गोष्ट सांगताना टिळकांच्या त्यागाचंच सांगतात. मला मात्र त्या पाच वर्षांतल्या लक्ष्मीबाई आधी दिसतात. देवाला पहिलं ठेवण्याची किंमत कधी कधी जवळच्या माणसाला मोजावी लागते, आणि ती ज्याने मोजली त्याचाही मान ठेवला पाहिजे. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगारही सोडला आणि साताऱ्यात संन्याशासारखे राहिले. मी त्यांच्यासारखी नाही. मला पगार लागतो.

आणि इथेच तुझा खरा प्रश्न येतो. मिशनरी वाइल्डर साहेब, ज्यांच्या नावाचं आपलं चर्च आहे, १८५२ साली कोल्हापुरात आले. समुद्र ओलांडून, घरदार मागे टाकून. ते देवासाठी आले. मी समुद्र ओलांडला तो घराच्या हप्त्यांसाठी. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा बाबांनी आणि मी ठरवलं की वरच्या मजल्यावर फ्लॅट घ्यायचा. फौंड्रीच्या पगारात ते होणार नव्हतं. ह्यात मला पाप वाटत नाही. घर कोरडं असावं असं वाटणं चुकीचं नाही, आणि निघताना मी प्रार्थना करून निघाले होते.

पण पहिला करार संपला तेव्हा बरंचसं कर्ज उतरलं होतं. बाबा म्हणाले, आता ये. मी म्हटलं, अजून एक करार, उजळाईवाडीकडे प्लॉट बघू, भाव वाढतायत. इथे मुख्य उपासना शुक्रवारी असते. मी शुक्रवारी ओव्हरटाइम घ्यायला लागले. एक शुक्रवार, दोन, मग कित्येक महिने. मूठ काढायचे तीही थांबली. खोलीत एकटीसाठी वाटीभर भात, त्यात कसली मूठ, असं मनाला सांगितलं.

मागच्या नाताळात तू मेंढपाळ झाली होतीस. व्हिडिओ कॉलवर तू मला सगळे संवाद म्हणून दाखवत होतीस, डोक्याला बाबांचा टॉवेल गुंडाळून. माझ्या दुसऱ्या हातात दुसरा फोन होता, त्यावर प्लॉटचे फोटो येत होते. तू थांबलीस आणि म्हणालीस, "आई, मी आत्ता काय म्हटलं सांग." मला सांगता आलं नाही. तू "जाऊ दे" म्हणून टॉवेल काढलास.

तुला मी देवाच्या खाली ठेवलं नव्हतं, सोनू. मी तुला प्लॉटच्या खाली ठेवलं होतं, आणि देवालाही. तुम्ही दोघं एकदमच खाली गेलात. मला माफ कर.

गेल्या महिन्यापासून शुक्रवारची ड्युटी बंद केली. आज रुवीच्या चर्चमधून आत्ताच आलेय, अजून साडीही बदललेली नाही. कॉफीची रिकामी बरणी धुऊन घेतलीय, तीत मूठ जाते. आमच्याच मजल्यावर एक मुलगी आहे, तिचा पगार अडकलाय, तिला देते. प्लॉटवाल्याला नको म्हणून कळवलं. ह्या कराराचे पाच महिने राहिलेत, ते पूर्ण करून मी येतेय. पुढचा करार करणार नाही, असं इन्चार्ज सिस्टरना लेखी दिलंय. फ्लॅटचं थोडं कर्ज राहील. बाबांशी बोलले, ते म्हणाले बघू, होईल. मला रात्री मधेच जाग येते आणि आकडे डोक्यात फिरतात. ते खोटं कशाला सांगू.

तोवर माझं एक काम कर. महिनाअखेरीला डबा पोचवायला आजीबरोबर तू जा. "मी जातो की एकटी, मला काय झालंय?" असं ती म्हणेल, तिचं ते कोल्हापुरी "जातो" काही सुटायचं नाही. पण तिचे गुडघे आता जिने चढत नाहीत, तेव्हा ऐकू नकोस. डबा तू धर. आणि न्यायच्या आधी तांदूळ एकदा सुपात घेऊन बघ. कणी निघाली तर ती आपल्या भाताला ठेव.

तुझी,
आई