वाचकांचे प्रश्न : हँडपॅन घडवायचा, शिकवायचा

प्रश्न : आमचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे, हायड्रॉलिक प्रेसही आहे. हँडपॅन (दोन पोलादी कवचे जोडून केलेले, हातांनी वाजवायचे सुरेल वाद्य) बनवून विकता येतील का? (भोसरीचे एक वाचक)

उत्तर : येतील, पण प्रेस आहे म्हणजे अर्धे काम झाले असे धरू नका. कवच दाबणे हा यातला सोपा भाग. तयार कवचेही विकत मिळतात. हात बसायला वर्षे लागतात ती ट्यूनिंगला. तेव्हा सुरुवातीला तयार कवचे आणा आणि एकेक सूर लावायला शिका.

पत्रा डीप-ड्रॉइंगचा (दाबून खोलगट आकार देता येतो असा), 1 ते 1.2 मिमी जाडीचा. कवचाचा व्यास साधारण 53 सेंमी. साधे पोलाद असेल तर नायट्रायडिंग (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणे) करून घेतात, त्याने पृष्ठभाग कडक होतो आणि गंज उशिरा धरतो. स्टेनलेसचा सूर जास्त वेळ घुमतो; पण जलद वाजवणाऱ्याच्या हाती तोच गिचमिड करतो.

कवचावर टेम्प्लेटने लंबवर्तुळे (एकेका सुराची जागा) आखा, प्रत्येकाच्या मध्यावर खळगा दाबा (प्रेसचा खरा उपयोग इथे), खळग्याभोवतीचा पत्रा ठोकून सपाट करा. मग भट्टीत साधारण 400 अंश सेल्सिअसला तापवून ठोकाठोकीचा ताण काढा. ही पायरी गाळली तर आज लावलेला सूर काही दिवसांत उतरतो.

आता मुख्य गोष्ट. एकाच लंबवर्तुळात तीन कंपने जुळवायची असतात. मूळ सूर 220 हर्ट्झचा असेल तर लांब अक्षावर 440 आणि आखूड अक्षावर 660. म्हणजे सा, त्याच्या वरचा सा आणि त्याही वरचा प. स्ट्रोब ट्यूनरवर (कंपने मोजून दाखवणारे साधन) तिन्ही एकदम दिसतात. 440 जागेवर आणायला ठोका दिला की 660 सरकतो, तो सावरला की मूळ सूर हलतो, आणि एवढ्यात शेजारचा सूरही बिघडलेला असतो. नवशिका वैतागून एकाच जागी ठोकत राहतो. तिथला पत्रा ताणला जातो आणि डब्याच्या झाकणासारखा आतबाहेर टकटकू लागतो. असे कवच बहुतेक वेळा भंगारातच जाते.

वरचे आणि खालचे कवच इपॉक्सीने चिकटवले की कड जखडते आणि सूर पुन्हा हलतात. शेवटची ट्यूनिंग त्यानंतर, बाहेरून आणि खालच्या भोकातून वाकडी सळई घालून. विक्रीचा भाव ठरवताना हे तास लोक विसरतात.

इअरप्लग आणि वर इअरमफ, दोन्ही घाला. कान गेले तर धंदा गेला. आणि वाद्यावर ‘हँग’ असे छापू नका. ते स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या पॅनआर्ट कंपनीचे, म्हणजे फेलिक्स रोनर आणि साबिना शेरर यांच्या 2000 सालच्या मूळ वाद्याचे नाव आहे. त्याच्या आकाराच्या हक्कावरूनही युरोपात खटले झाले आहेत.

प्रश्न : रागसंगीतासाठी कोणत्या स्केलचा (वाद्यात पक्क्या बसवलेल्या सुरांच्या संचाचा) हँडपॅन घ्यावा?

उत्तर : डी कुर्द. त्यात पांढरी दोनचा (म्हणजे डीचा) सा धरला की आसावरी थाटाचे सूर मिळतात. हिजाझ स्केल घेतलीत तर बसंत मुखारी रागाच्या जवळ जाल. मात्र मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) येणार नाही, सूर बदलता येणार नाही, आणि कवचाच्या मध्यभागी असलेल्या सुराखाली खर्जात काहीच नाही. गंमत अशी, की या वाद्याच्या जन्मामागे घटम (दक्षिणेतले मडक्याचे तालवाद्य) आहे : स्विस तालवादक रेटो वेबर यांना सूर असलेला घटम हवा होता. आलापीपेक्षा ठेक्याच्या अंगाने वाजवा, जास्त साधते.

प्रश्न : रत्नागिरीत राहतो. वाद्यावर तपकिरी ठिपके आलेत, एक सूरही उतरलाय.

उत्तर : ठिपके घामाचे आणि खाऱ्या हवेचे. वाजवून झाले की मायक्रोफायबरने पुसा, आठवड्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून हँडपॅनसाठीच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. खोबरेल लावू नका, ते चिकट होते. बंद बॅगेत ठेवून पावसाळा काढू नका. सूर उन्हाने उतरला असेल तर वाद्य गार झाल्यावर परत चढतो. गाडीत मात्र ठेवू नका, सांध्याचा गोंदही मऊ पडतो. गार झाल्यावरही उतरलेलाच असेल तर ट्यूनरकडे न्या. घरी रबरी हातोडीसुद्धा नको.

प्रश्न : तबला शिकवतो. हँडपॅनचा वर्ग काढू का?

उत्तर : काढा, पण आधी स्वतःचा हात हलका करा. बोटाचा पेर टेकताच उचलायचा, आघात खळग्यात नव्हे तर त्याच्या कडेजवळ. तबल्याची थाप इथे सूर फोडते आणि रोज बसली तर उतरवतेही. अंगठ्या काढायला लावा. एका वर्गात चारच मुले घ्या, कारण त्याहून जास्त वाद्ये एकदम वाजली की कोणाचा सूर चुकतोय हे कळत नाही. सगळी वाद्ये एकाच स्केलची असू द्या; वेगवेगळ्या स्केली आणल्यात तर पहिल्याच दिवशी वर्ग बंद करावा लागेल.