ऐतिहासिक स्ट्रॅटेजी गेममध्ये एखादी फौज इतिहासात खरंच बलाढ्य असेल, तर तोल कसा साधायचा?
तिची ताकद कापू नका. त्या ताकदीच्या अटी आणि तिच्यावरचा उतारा, दोन्ही गेममध्ये आणा. इ.स.पू. ५३ मध्ये काऱ्हेच्या लढाईत पार्थियन (प्राचीन इराणी साम्राज्याच्या) घोडेस्वार तिरंदाजांनी रोमनांचा धुव्वा उडवला, कारण मैदान मोकळं होतं आणि उंटांवरून बाणांचा पुरवठा अखंड चालू होता. पुढे इ.स.पू. ३८ मध्ये रोमन सेनापती व्हेंटिडियसने पार्थियनांनाच हरवलं, तेही उंचावरची जागा धरून आणि लांब पल्ल्याचे गोफणवाले वापरून. म्हणून नुकसानीचे आकडे घटवण्याआधी बाणांना मर्यादा घाला, चढणीला किंमत द्या, रोमनांना गोफणवाले द्या. यातून दोन्ही बाजूंचं वेगळेपण टिकतं, आणि माझ्या मते तीच या प्रकारच्या गेमची खरी गंमत. मात्र सगळे नकाशे सपाट असतील, तर हा उपाय लंगडा पडतो.