वाचकांचे प्रश्न: टेक्सासातील वीज, तिचे दर आणि कंपनीने द्यावयाची माहिती

टेक्सासात स्थायिक झालेल्या किंवा नुकत्याच तेथे गेलेल्या वाचकांकडून वीजबिलाविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. सोयीसाठी किलोवॉट-तासाला आपल्या सवयीप्रमाणे ‘युनिट’ असेच म्हटले आहे.

प्रश्न: आम्ही पुण्याहून ह्यूस्टनला आलो. घरमालक म्हणतात, वीज कंपनी तुमची तुम्ही निवडा. तार एकच, मीटर एकच, मग कंपन्या पन्नास कशा? आणि वीज गेली तर फोन कोणाला करायचा?

उत्तर: टेक्सासच्या विधिमंडळाने १९९९ साली केलेल्या कायद्यामुळे १ जानेवारी २००२ पासून राज्याच्या मोठ्या भागात विजेची किरकोळ विक्री स्पर्धेसाठी खुली झाली. तारा, खांब आणि मीटर ज्या कंपनीच्या मालकीचे आहेत, तिचा मात्र त्या भागात मक्ताच आहे. ह्यूस्टन परिसरात ती सेंटरपॉइंट आहे आणि डॅलस-फोर्ट वर्थच्या बहुतेक भागात ऑनकॉर. तुम्ही निवडता ती कंपनी घाऊक बाजारातून वीज घेऊन तुम्हाला विकते, बिल पाठवते आणि तारांच्या कंपनीचे पैसे तुमच्याकडून घेऊन तिला देते. महावितरणच्या बिलावर ‘वहन आकार’ म्हणून जी ओळ असते, तिच्याशी जुळणारा हा भाग आहे. त्यामुळे विक्रेती कंपनी कोणतीही असली तरी वीज जाण्यायेण्यात काडीचाही फरक पडत नाही, आणि वीज गेल्यास फोन तारांच्या कंपनीलाच करायचा असतो. महागडा प्लॅन घेतला म्हणून वादळानंतर तुमच्या घरी दिवे आधी लागणार नाहीत.

तुमच्या घराच्या जोडणीला १७ किंवा २२ अंकी ओळख क्रमांक असतो. तो बिलावर छापलेला असतो आणि कंपनी बदलताना विचारला जातो. प्लॅनची तुलना करण्यासाठी राज्याच्या सार्वजनिक उपयुक्तता आयोगाने चालवलेले ‘पॉवर टू चूज’ हे संकेतस्थळ वापरावे. त्याच्या नावाशी मिळतीजुळती नावे घेतलेली खासगी संकेतस्थळेही आहेत आणि त्यांतील काहींना कंपन्यांकडून दलाली मिळते, तेव्हा पत्ता नीट पाहून घ्यावा.

प्रश्न: जाहिरातीत दर साडेआठ सेंट होता, म्हणून आम्ही एका वर्षाचा करार केला. एप्रिलच्या बिलात भागाकार करून पाहिला तर युनिटला साडेअठरा सेंट पडले. ही फसवणूक नाही का? (केटी येथील वाचक)

उत्तर: तुमचा संताप समजण्यासारखा आहे, पण नियमांच्या चौकटीत पाहिले तर बहुधा ही फसवणूक ठरणार नाही, आणि नेमके हेच या व्यवस्थेचे दुखणे आहे. आयोगाच्या नियमांनुसार प्रत्येक प्लॅनबरोबर तीन कागद देणे कंपनीवर बंधनकारक आहे: सेवेच्या अटींचे करारपत्र, ग्राहकाच्या हक्कांचे पत्रक, आणि ‘इलेक्ट्रिसिटी फॅक्ट्स लेबल’ म्हणजे ज्याला सगळे ईएफएल म्हणतात तो तक्ता. या तक्त्यात महिन्याला ५००, १,००० आणि २,००० युनिट वापर धरून प्रत्येकी सरासरी दर छापावा लागतो. त्यात वीज आकार, स्थिर आकार आणि तारांच्या कंपनीचे आकार असे दरमहा लागणारे सगळे धरलेले असते; स्थानिक कर तेवढे धरलेले नसतात. सर्व कंपन्यांना एकच साचा दिला की ग्राहकाला तुलना सोपी जाईल, असा यामागचा हेतू. कंपन्यांनी त्या साच्याचाच अभ्यास केला आणि १,००० युनिटांवर आकडा सुंदर दिसेल असे प्लॅन बेतले.

तुमच्या पत्रातील वर्णनावरून तुमचा प्लॅन ‘बिल क्रेडिट’चा दिसतो. एक काल्पनिक प्लॅन घेऊन हिशेब करू. सर्व आकार मिळून युनिटला १८ सेंट, शिवाय दरमहा ५ डॉलर स्थिर आकार, आणि वापर १,००० युनिट किंवा अधिक झाल्यास १०० डॉलरची सूट. बरोबर १,००० युनिट वापरले तर १८० अधिक ५ वजा १००, म्हणजे ८५ डॉलर, अर्थात युनिटला साडेआठ सेंट. जाहिरातीत हाच आकडा झळकतो. आता ९९९ युनिट वापरा: सूट नाही, बिल १८४ डॉलर ८२ सेंट. एक युनिट कमी जाळल्याचा दंड जवळजवळ शंभर डॉलर! महाराष्ट्रात वापर वाढला की दराचा टप्पा चढतो आणि म्हणून आपण नकळत दिवे मालवत फिरतो; ती काटकसर येथे अशा प्लॅनमध्ये उलट अंगावर येते.

याच प्लॅनचा वर्षाचा हिशेब मांडला तर चित्र आणखी स्पष्ट होते. उन्हाळ्याचे पाच महिने एसीमुळे वापर १,५०० युनिट आणि उरलेले सात महिने ८०० युनिट धरू. उन्हाळ्यात दरमहा १७५ आणि एरवी १४९ डॉलर, असे वर्षाला १,९१८ डॉलर होतात. याच घरात कोणतीही सूट नसलेला, सर्व आकार धरून सरसकट १४ सेंटांचा प्लॅन असता, तर १३,१०० युनिटांचे १,८३४ डॉलर झाले असते. साडेआठ सेंटांचा प्लॅन चौदा सेंटांच्या प्लॅनपेक्षा ८४ डॉलरनी महाग पडला. तेव्हा ईएफएल वाचताना वरच्या तीन सरासरी आकड्यांवर थांबू नये. त्याखाली मूळ आकार आणि सूट यांची जी फोड दिलेली असते, तिच्यात आपल्या बारा महिन्यांचे युनिट घालून बेरीज करावी. मागील वापर ‘स्मार्ट मीटर टेक्सास’ या संकेतस्थळावर, अगदी पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदींसह पाहता येतो. ‘रात्री वीज मोफत’ अशा प्लॅनचाही हिशेब याच नोंदींवरून करावा, कारण रात्रीची भरपाई दिवसाच्या दरातून होत असते.

प्रश्न: करार ‘फिक्स्ड रेट’चा आहे, तरी मधल्याच महिन्यात दर वाढला. कंपनीला हे करता येते का? (प्लेनो)

उत्तर: काही मर्यादित कारणांसाठी येते. स्थिर दराच्या करारातही तारांच्या कंपनीच्या आकारांत प्रत्यक्ष झालेला बदल, विद्युत जाळे सांभाळणाऱ्या अर्कॉट या संस्थेच्या प्रशासकीय शुल्कातील बदल आणि नव्या कायद्यामुळे लागू झालेले, कंपनीच्या हाताबाहेरचे शुल्क ग्राहकाकडून घेण्याची मुभा नियमांनी दिली आहे. वहनाचे आकार सहसा मार्च आणि सप्टेंबर महिन्यांत बदलतात, त्यामुळे तुमची वाढ त्या सुमाराची असेल तर प्रथम बिलावरील ती ओळ पाहावी. मात्र ‘गॅस महागला’, ‘घाऊक बाजारात भाव चढले’ अशी कारणे चालत नाहीत. तो धोका कंपनीने पत्करलेला असतो आणि त्याचेच पैसे तुम्ही स्थिर दरात मोजलेले असतात. महावितरणच्या ‘इंधन समायोजन आकारा’सारखा प्रकार येथे स्थिर दराच्या करारात बसत नाही. वीज आकारच वाढला असेल तर कंपनीकडे लेखी स्पष्टीकरण मागावे आणि समाधान न झाल्यास आयोगाकडे तक्रार करावी. तक्रार विनामूल्य असते.

प्रश्न: आमचा करार संपला हे कळलेच नाही. आता जवळजवळ दुप्पट दराने बिल येत आहे. (अर्व्हिंग)

उत्तर: २०२१ च्या कायद्यानुसार स्थिर दराचा करार संपण्यापूर्वी, कराराच्या शेवटच्या तृतीयांश काळात, कंपनीने ग्राहकाला किमान तीन वेळा लेखी सूचना द्यावी लागते. करार चार महिन्यांहून अधिक मुदतीचा असेल तर शेवटची सूचना मुदतीच्या किमान ३० दिवस आधी यायला हवी. शिवाय कराराच्या समाप्तीची तारीख दर महिन्याच्या बिलावरही असते. आपण बहुतेक जण बँकेतून परस्पर पैसे जाण्याची व्यवस्था करून बिल उघडतच नाही आणि सूचना जाहिरातींच्या ढिगात ईमेलमध्ये पडून राहतात. तेव्हा तीनही सूचना खरोखर आल्या होत्या का, हे आधी तपासावे.

काहीही न कळवल्यास ग्राहक आपोआप महिन्यागणिक चालणाऱ्या प्लॅनवर जातो आणि त्याचा दर बहुधा चढाच असतो. त्यात दिलासा एवढाच की हा प्लॅन केव्हाही, कोणताही दंड न भरता सोडता येतो, त्यामुळे हे पत्र छापून येईपर्यंत थांबू नका, आजच नवा प्लॅन घ्या. पुढच्या वेळी लक्षात असू द्या की मुदत संपण्याआधीच्या १४ दिवसांत दुसऱ्या कंपनीकडे गेल्यास मुदतपूर्व समाप्तीचा दंड लावता येत नाही.

प्रश्न: गणेशोत्सवात एका कंपनीचा स्टॉल होता. तेथील मुलगा छान मराठी बोलत होता. त्याच्या सांगण्यावरून टॅबलेटवर सही केली. घरी येऊन कागद पाहिले तर करार तीन वर्षांचा आणि सोडल्यास दंड. काय करावे? (शुगर लँड)

उत्तर: तुम्ही राहत्या घरची कंपनी बदलत असाल, तर सेवेच्या अटींचे करारपत्र हाती पडल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत करार विनादंड रद्द करता येतो. शनिवार, रविवार आणि संघराज्याच्या सुट्ट्या यांत मोजल्या जात नाहीत. फोनवर रद्द केले तरी ईमेलही पाठवावा आणि दोन्हींची नोंद ठेवावी. नव्या घरात नव्याने वीज सुरू करताना मात्र हा हक्क मिळत नाही, ही मेख पुष्कळांना ठाऊक नसते.

भाषेविषयीची एक तरतूद आपल्या मंडळींना उपयोगी पडण्यासारखी आहे. करारपत्र, ईएफएल, बिले आणि बिलासोबतच्या सूचना कंपनीने इंग्रजी, स्पॅनिश किंवा विक्री ज्या भाषेत केली ती भाषा, यांपैकी ग्राहक सांगेल त्या भाषेत द्याव्यात, असे आयोगाचे नियम सांगतात. म्हणजे जो स्टॉलवर मराठीत गळ घालतो, त्याच्याकडे कागदही मराठीत मागण्याचा हक्क तुम्हाला पोहोचतो. ते मागितले की मराठीचा उत्साह किती टिकतो हे पाहण्यासारखे असेल. तीन वर्षांची मुदत आणि दंड या गोष्टी तोंडी सांगितल्या गेल्या नसल्या तरी त्या ईएफएलवर छापलेल्या असतात, म्हणून सही करण्यापूर्वी तो एक पानी तक्ता हातात मागावा आणि नंतर विक्रेत्याशी बोलावे. सही किंवा संमती न घेता परस्पर कंपनी बदलली गेली असेल, तर तो नियमभंग आहे आणि ग्राहकाला पूर्वीच्या कंपनीकडे परत नेण्याची पद्धत नियमांत घालून दिलेली आहे.

प्रश्न: २०२१ च्या हिमवादळात काहींना हजारो डॉलरची बिले आली होती. तसे पुन्हा होऊ शकते का? (फ्रिस्को)

उत्तर: त्या मार्गाने होणार नाही. ग्रिडी नावाची कंपनी दरमहा ९ डॉलर ९९ सेंट सभासद शुल्क घेऊन ग्राहकाला थेट घाऊक बाजाराच्या भावाने वीज देत असे. फेब्रुवारी २०२१ मध्ये घाऊक भाव मेगावॉट-तासाला ९,००० डॉलर, म्हणजे युनिटला ९ डॉलर या कमाल मर्यादेला कित्येक दिवस चिकटून राहिला आणि तो जसाच्या तसा ग्राहकांच्या बिलांत उतरला. मार्चमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षीच्या कायद्याने घरगुती आणि छोट्या व्यावसायिक ग्राहकांना घाऊक भावाशी बांधलेले प्लॅन विकण्यास मनाई केली. नोंद घेण्याची गोष्ट अशी की दर बाजाराप्रमाणे बदलेल हे ग्रिडीने लपवलेले नव्हते. माहिती कागदावर होती, तिचा अर्थ थंडीत गोठलेल्या घरांत कळला. महिन्यागणिक बदलत्या दराचे प्लॅन आजही विकले जातात, तेव्हा ‘व्हेरिएबल’ हा शब्द ईएफएलवर दिसला की सावध व्हावे.

प्रश्न: मी ऑस्टिनला राहतो. मला हे पर्याय का दिसत नाहीत?

उत्तर: ऑस्टिन आणि सॅन अँटोनियो येथील वीजसेवा नगरपालिकांच्या मालकीच्या आहेत आणि त्यांनी स्पर्धेत न उतरण्याचा कायद्याने दिलेला पर्याय स्वीकारला आहे. अनेक वीज सहकारी संस्थांचेही तसेच आहे, आणि एल पासो तर अर्कॉटच्या जाळ्यातच नाही. लबकने मात्र २०२४ मध्ये आपल्या ग्राहकांना कंपनी निवडण्याची मोकळीक दिली.

प्रश्न: नव्याने आलेल्या माणसाकडे अमेरिकेतील पतइतिहास नसतो, म्हणून कंपनी मोठी अनामत मागते. तिला काही मर्यादा आहे का? आणि वर्षाच्या आत घर बदलले तर दंड भरावा लागेल का? (ह्यूस्टन)

उत्तर: अनामत वर्षाच्या अंदाजित बिलाच्या एक पंचमांशापेक्षा किंवा पुढील दोन महिन्यांच्या अंदाजित बिलापेक्षा, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिच्यापेक्षा जास्त मागता येत नाही. सलग बारा महिने बिले वेळेवर भरल्यास घरगुती ग्राहकाला ती व्याजासह परत मिळते किंवा बिलात वळती होते. कंपनीने आपणहून केले नाही, तर तेरा महिन्यांनी आठवण करून द्यावी. आई-वडील ६५ वर्षांवरील असतील आणि जोडणी त्यांच्या नावावर घेत असाल, तर वयाच्या आधारे अनामतीतून सूट मिळण्याची तरतूद आहे; ती विचारून घ्यावी.

घर बदलल्यामुळे करार सोडावा लागल्यास घरगुती ग्राहकाला मुदतपूर्व समाप्तीचा दंड लावता येत नाही. कंपनी नवा पत्ता आणि घर सोडल्याचा पुरावा मागू शकते, म्हणून जुन्या भाडेकराराच्या समाप्तीचे पत्र आणि नव्या घराचा भाडेकरार जपून ठेवावा. तरीही अंतिम बिलात दंडाची ओळ दिसली, तर ती रक्कम वादग्रस्त असल्याचे कंपनीला लेखी कळवावे, बाकीचे बिल मुदतीत भरावे आणि आयोगाच्या ग्राहक विभागाला १-८८८-७८२-८४७७ या क्रमांकावर किंवा आयोगाच्या संकेतस्थळावरून तक्रार करावी.