‘सर्व्हर रीस्टार्ट करेन’ म्हणाले आणि मुलाखत संपली

प्रश्न : मी सोलापूरची, ईअँडटीसीमधून (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) बीई झाले. पुण्यातल्या एका कंपनीत टेक्निकल सपोर्ट इंजिनिअरच्या मुलाखतीत विचारलं, ‘ग्राहकाची वेबसाइट उघडत नाही, काय कराल?’ मी म्हणाले, सर्व्हर रीस्टार्ट करेन. तिथेच थांबवलं. पुढच्या आठवड्यात दुसरीकडे मुलाखत आहे. त्यात रात्रपाळीला घरचे तयार नाहीत, आणि मैत्रिणी म्हणतात, सपोर्टमध्ये गेलं की डेव्हलपमेंटला कायमचं मुकावं लागतं.

उत्तर : रीस्टार्टने साइट कदाचित सुरूही झाली असती, पण ती का पडली हे कुणाला कळलं नसतं. या प्रश्नावर समोरच्याला आधी तुझे प्रश्न ऐकायचे असतात. कधीपासून बंद आहे? सगळ्यांना की एकालाच? स्क्रीनवर नेमका कोणता एरर येतो? काल काही बदल केला होता का? ‘५०२’ हा एरर येत असेल, तर ग्राहकाची मागणी आधी घेणारा पुढचा सर्व्हर जिवंत आहे आणि मागच्या ॲप्लिकेशनकडून त्याला नीट उत्तर मिळत नाही, एवढं तिथेच कळतं. मग त्या ॲप्लिकेशनचे लॉग, म्हणजे त्याच्या कामाच्या नोंदी, बघायच्या.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर हमखास विचारतात असं एक उदाहरण घे. डिस्कवर किती जागा उरली ते सांगणारी ‘डीएफ’ (df) कमांड डिस्क भरलेली दाखवतेय, फाइल्सनी किती जागा घेतली ते मोजणाऱ्या ‘डीयू’ची (du) बेरीज मात्र बरीच कमी येतेय. अशा वेळी बहुधा कुणीतरी मोठी लॉग फाइल डिलीट केलेली असते, पण एखादी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, ती अजून उघडी धरून बसलेली असते, म्हणून जागा सुटत नाही. उघड्या फाइल्सची यादी देणाऱ्या ‘एलएसओएफ’ (lsof) कमांडने ती प्रोसेस सापडते. हे पाठ करू नकोस, लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आतच चालणारा आभासी संगणक) टाकून स्वतः घडवून बघ. एकदा हाताखालून गेलं की सांगताना अडखळणार नाहीस.

बऱ्याच ठिकाणी ग्राहकाला ईमेलही लिहायला लावतात. काय झालं, आम्ही काय करतोय, पुढची खबर किती वाजता देऊ, एवढं चार साध्या वाक्यांत यायला हवं. भारदस्त इंग्रजीची गरज नाही.

मैत्रिणींचं म्हणणं अर्धंच खरं. दिवसभर पासवर्ड रीसेट करायचे असतील तर अडकायला होतं. लॉग वाचायचे, स्क्रिप्ट लिहायच्या, बग डेव्हलपरला पुराव्यानिशी दाखवायचा, असं काम असेल तर पुढे डेव्हऑप्समध्येही (सॉफ्टवेअर बनवणं आणि ते चालवणं यांना जोडणारं काम) जाता येतं. म्हणून ‘रोज कोणत्या प्रकारची तिकिटं (ग्राहकांच्या नोंदवलेल्या तक्रारी) येतात?’ हे तू त्यांना नक्की विचार.

रात्रपाळीचं एचआर राउंडलाच स्पष्ट बोल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम द्यायचं तर स्त्री कर्मचाऱ्याची संमती लागते आणि सुरक्षेची, घरापर्यंतच्या वाहनाची सोय कंपनीला करावी लागते. आईबाबांना हे दाखव. कॅब कुठून कुठपर्यंत, ते मात्र लेखी घे. आणि मूळ गुणपत्रिका मागितल्या, तर पडताळणीला दाखव, पण ताब्यात देऊ नकोस.